सोमवारचा नंबर

“त्याला काय दिलंत उस्ताद, जे मला दिलं नाहीत?”

विचारून झालं तरी भानुदास काशीद उभाच होता. निंबाखाली सतरंजी अंथरलेली होती, पण त्याची पँट पांढरी होती.

लाडले उस्ताद तुरटीचा खडा धूत होते. धुऊन झाल्यावर तो त्यांनी लुंगीला पुसला, चाचपत डब्यात ठेवला आणि मान वर केली.

“कुणाला?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“माझ्याकडनं पुष्कळ पोरं शिकून गेली, बाबा.”

“गहिनीला.”

“हां... गहिनीला.”

नाव घेताना म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू आलं. एवढंसंच. भानुदासनं ते पाहिलं आणि त्याच्या छातीत जुनी कळ पुन्हा उठली. माझं नाव घेताना हे असं हसतात का? पण हे विचारायचं कुणाला?

परंड्याच्या किल्ल्यामागं एका पिराचा तकिया, म्हणजे फकिरांची उतरायची जागा, आहे. उस्ताद आता तिथं राहत होते. पेठेत त्यांचं दुकान होतं तेव्हा तालुक्यातली निम्मी डोकी त्यांच्या हाताखालून जायची. पुढं नजर गेली, मग दुकान गेलं. एक खुर्ची तेवढी त्यांनी तकियात आणून निंबाखाली मांडली. तिथं फकीर यायचे, वाटसरू यायचे, ज्याला कुणी जवळ उभं करत नाही असा एखादा वेडाही यायचा. उस्ताद बोटांनी चाचपून त्यांची दाढी करायचे. वस्तरा अजून कुणाला लागला नव्हता.

पेठेतल्या त्या दुकानात दोन पोरं एकाच वेळी शिकायला होती. एक भानुदास काशीद आणि दुसरा गहिनीनाथ राऊत.

भानुदास पुण्याला गेला आणि मोठा झाला. आधी दुसऱ्याच्या दुकानात एक खुर्ची, मग स्वतःचं सलून, मग सलूनच्या शाखा आणि मग ‘केशभानू’. त्यात तेल आलं, शाम्पू आला, केस गळू नयेत म्हणून लावायचं एक आणि गळल्यावर लावायचं दुसरं, असं सगळं आलं. प्रत्येक बाटलीवर भानुदासचा फोटो. हनुवटी वर, केस काळेभोर, दाट, मागं वळवलेले.

गहिनी परंड्यातच राहिला. दोन खुर्च्यांचं दुकान. कधीतरी त्यानंही तेल उकळून विकायला सुरुवात केली, मिळेल त्या बाटलीतून. कुणी हौशी गिऱ्हाइकानं त्याला लेबल करून दिलं. लेबलवर गहिनी पाठमोरा बसलेला आणि त्याचे केस कमरेच्याही खाली उतरलेले. बाकी काही नाही. खाली नाव, ‘गहिनी तेल’.

आणि ते खपायला लागलं. बार्शीत, सोलापुरात खपत होतं तोवर ठीक होतं. पण एक दिवस पुण्यात, भानुदासच्याच सलूनमध्ये, खुर्चीत बसलेल्या बाईंनी आरशातून विचारलं, “तुमच्याकडे ते गहिनी तेल नाही का हो?”

त्या दिवसापासून भानुदासला अन्न गोड लागेना.

हेवा हा शब्द फारच सभ्य झाला. त्याच्या पोटात दुखत होतं, अगदी खरोखर दुखत होतं. डॉक्टरांनी पित्त सांगितलं. एखाद्या दुकानात शिरला की कुणाचं लक्ष नाही असं बघून तो गहिनी तेलाच्या बाटल्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवायचा. कारखान्याच्या मालकाला शोभणारं काम नव्हतं ते. आणि तसाही गहिनी त्या बाटलीवर पाठमोराच होता.

मग त्यानं ती बाटली प्रयोगशाळेत दिली. खोबरेल, माका, जास्वंद, मेथी. ‘केशभानू’त होतं तेच. आता उरलं एकच. प्रयोगशाळेला सापडत नाही असं काहीतरी उस्तादांनी गहिनीच्या कानात सांगितलं होतं.

म्हणून तो पुण्याहून गाडी काढून आला होता. वार सोमवार होता, पण ते त्याच्या ध्यानात नव्हतं. त्याची सलून सोमवारीही उघडी असत.

“सांगाल तर ठीक,” तो म्हणाला. “नाही सांगितलंत, तर संध्याकाळपर्यंत गहिनीचं तेल कुणी फुकटसुद्धा घेणार नाही.”

“का रं?”

भानुदासनं खिशातून फोन काढला. म्हाताऱ्याला दिसत नाही हे आठवून पुन्हा आत ठेवला.

“एक व्हिडिओ करून ठेवलाय. त्यात एक बाई रडून सांगते, गहिनी तेल लावलं आणि केस पुंजक्यानं हातात आले. ऑफिसात माणूस बसवलाय. मी हो म्हटलं की तो सगळीकडे टाकणार.”

“बाईचे केस गेले?”

“नाही. तिनं ते तेल पाहिलेलंही नाही.”

“म्हंजे हायत तिचे केस?”

“आहेत.”

“बरं झालं,” उस्ताद म्हणाले आणि बादलीतलं पाणी निंबाच्या मुळाशी ओतायला उठले.

भानुदासला वाटलं होतं, म्हातारा घाबरेल, गयावया करेल, निदान शिव्या तरी देईल. शिव्यांची उत्तरं तो वाटेत घोकून आला होता. आता ती सगळी त्याच्या तोंडातच राहिली.

“उस्ताद, मी तुमच्याकडं त्याच्या आधी आलो होतो.”

“व्हय.”

“हात माझा चांगला होता. तुम्हीच म्हणायचा.”

“अजून म्हणतो.”

“मग मला खुर्ची पुसायला का लावत होता? रोज सकाळी खुर्ची पूस, भानू. गिऱ्हाईक उठलं, खुर्ची पूस, भानू. आणि तो? तो चुलीपाशी तुमच्या शेजारी बसून तेल उकळायचा. तुम्ही त्याला वास घ्यायला लावायचा. मी आरशातून बघायचो सगळं.”

“तुला खुर्ची पुसता येत नव्हती.”

“आणि त्याला?”

“त्याला येत हुती.”

भानुदासच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा मोठा झालो, फलकावर झळकलो, आणि हा मनुष्य अजून खुर्चीतच अडकलाय!

“केसानं गळा कापलात तुम्ही माझा,” तो म्हणाला. “एकाच घरची दोन पोरं आणि एकाच्याच ताटात वाढलंत. त्याला काय दिलंत ते ऐकल्याशिवाय मी इथून जाणार नाही.”

उस्तादांनी रिकामी बादली झाडाशी पालथी घातली. निंबावरून एक पिकलं पान खुर्चीच्या हातावर पडलं.

“बस,” ते म्हणाले.

भानुदासनं पांढऱ्या पँटची काळजी सोडली आणि सतरंजीवर बसू लागला.

“तिथं न्हाई. खुर्चीत.”

“मला दाढी करायची नाही.”

“दाढी कोण करतंय? त्याला जे दिलं ते पाहिजे ना? मग डोकं दे.”

भानुदास थबकला. मागं वळून त्यानं गाडीकडं पाहिलं. ड्रायव्हर बाहेर उभा राहून शेंगदाणे खात होता.

“राहू द्या उस्ताद. तोंडी सांगा.”

“तोंडी काय सांगू? आपला धंदा तोंडाचा हाय का?”

म्हातारा जवळ आला आणि भानुदासला मागं सरायला सवड मिळायच्या आत त्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोटं एकदा पुढून मागं गेली. थांबली. पुन्हा गेली. ज्या बोटांना तालुक्यातली निम्मी डोकी पाठ होती, ती बोटं एका जागी अडखळली.

“भानू...” उस्ताद हळूच म्हणाले. “हे कुणाचं डोकं घालून आलास?”

भानुदासचा चेहरा उतरला.

ही गोष्ट त्याची बायको जाणत होती आणि मुंबईचा केसांचा टोप करणारा जाणत होता. तिसरं कुणी नाही. बाटलीवरचे ते काळेभोर, मागं वळवलेले केस त्याच मुंबईवाल्यानं बसवले होते. टोपाखालचं स्वतःचं डोकं भानुदास घरच्या न्हाणीत कडी लावून, मशीन फिरवून साफ करायचा. एवढ्या सलूनचा मालक, पण त्याच्या एकाही खुर्चीत तो कधी बसला नव्हता. बसणार कसा? कुणाचा हात लागला असता तर बिंग फुटलं असतं.

त्यानं ड्रायव्हरला हाक मारून चहा प्यायला पेठेत पाठवलं. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत थांबला. मग टोप काढून मांडीवर घेतला आणि खुर्चीत बसला.

उस्तादांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. गाठ मारताना पूर्वीसारखंच एक बोट आत घालून पाहिलं, घट्ट तर झालं नाही ना. त्या बोटाकडं भानुदासची मान आपोआप कलली. त्याला स्वतःचाच राग आला.

मागं कुठंतरी बूच उघडल्याचा आवाज झाला. तळहात एकमेकांवर घासले गेले. मग ते हात त्याच्या डोक्यावर आले.

आधी नुसतेच ठेवले. दाब नाही, चोळणं नाही. हंडा उतरवून घेताना धरतात तसं फक्त डोकं धरलं. मग अंगठे मानेच्या खोबणीत उतरले, तिथून कानामागं, कानामागून टाळूवर.

भानुदासचे डोळे मिटले.

पेठेतलं दुकान सोमवारी बंद असायचं. गिऱ्हाइकाला बंद; पोरांना नाही. अर्ध्या उघड्या दारातून ऊन आत यायचं आणि उस्तादांचा नियम असायचा की त्या दिवशी पोरांनी एकमेकांचे केस कापायचे, मग एकमेकांचं डोकं चोळायचं. ज्याचं डोकं कुणाच्या हातात नाही त्यानं गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात घालायचा नाही, असं ते म्हणायचे. एका सोमवारी आधी भानूचा नंबर, पुढच्या सोमवारी आधी गहिनीचा. गहिनीचा हात जड होता. भानू ओरडायचा, “अरं, डोकं हाय, कणीक न्हाई!” आणि गहिनी हसून आणखी जोरात चोळायचा.

तेलाचा वास नाकातून थेट आत उतरला. डोक्याच्या कातडीला गारवा लागला, मग ऊब लागली, मग कितीतरी वर्षं आवळून धरलेलं काहीतरी सुटल्यासारखं झालं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. कापडाखाली हात अडकले होते, त्यामुळं ते पुसताही येईना.

दुसऱ्या कुणाचा हेवा इथंच विरघळला असता. भानुदासचा अधिकच पेटला.

“हेच!” तो खुर्चीत ताठ झाला. “हेच हाय ते! हेच दिलं तुम्ही त्याला!”

पुण्यात कमावलेली भाषा तेलाबरोबर ओघळून गेली होती. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

“काय हेच?”

“हे तेल! मला खुळ्यात काढू नका, उस्ताद. मी तेलातला माणूस हाय. माझ्या कारखान्यात रोज कढया उतरतात. असलं तेल मला जल्मात जमलं न्हाई. कातडीला लागलं की कळतं. हे त्यालाच सांगितलं तुम्ही, आन् मी तिकडं मरमर मरतोय!”

“हे तुझ्या तेलापरीस चांगलं हाय?”

“माझं याच्या पासंगालाही पुरणार न्हाई.”

“बघ बाबा. नीट बघ.”

“बघायचं काय त्यात?”

“तुझ्या खुर्चीखाली बाटली हाय. मला वाचता येत न्हाई. तू वाच.”

भानुदासनं कापडाखालून हात सोडवला, वाकून बाटली उचलली.

हनुवटी वर. केस काळेभोर, दाट, मागं वळवलेले.

‘केशभानू’.

तो बाटलीकडं बघत राहिला. बाटलीवरचा भानुदास त्याच्याकडं बघत राहिला. मांडीवर टोप होता.

...

“हे... हे तुमच्याकडं कसं आलं?” बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

“गहिनी आणतो.”

“गहिनी?”

“दर सोमवारी येतो. माझं डोकं चोळून देतो. त्याला म्हणलं, अरं, तुझं घरचं तेल सोडून हे विकतचं कशाला आणतोस? तर म्हणाला, तेल भानूचं, हात माझा. उस्तादला दोघांचंबी लागू दे.”

भानुदासनं मान खाली घातली.

थोबाडीत बसली असती तर त्याला बरं वाटलं असतं. गहिनीनं आपल्यावर जळावं, आपल्या बाटल्या भिंतीकडं फिरवाव्यात, आपल्या नावानं खडे फोडावेत, अशी त्याची फार इच्छा होती. दोघं सारखेच वाईट निघाले असते तर हिशेब मिटला असता. पण तो गडी दुकानात जाऊन आपली बाटली सरळ धरून विकत घेत होता. हे कसं सोसायचं?

“रागावला न्हाई तो माझ्यावर?”

“लई. वरीसभर तुझं नाव काढलं न्हाई. पुण्याची एस्टी दिसली तरी थुकायचा.”

हे ऐकून भानुदासला जरा श्वास आला. पण हेवा असा सहज सुटत नाही. एक हात सोडवला तर दुसऱ्या हातानं धरतो.

“मग तेल एकच, तर त्याचंच का मागतात लोक?”

“तू सांग. तू तेलातला माणूस.”

“केस बघून मागतात. लेबलवरचे त्याचे केस.” बोलता बोलता त्याचा आवाज पुन्हा चढला. “कमरेच्या खाली गेलेत उस्ताद, कमरेच्या खाली! माझ्याच वयाचा हाय तो. माझ्या डोक्यावर न्हाणीत कडी लावून मशीन फिरवायची वेळ आली, आन् तो पाठमोरा बसला तरी दुकान चालतं! मला तेल नको, खपणं नको. ते केस कशानं वाढले, तेवढं सांगा. मी जातो.”

उस्ताद हसले. दात नव्हते, त्यामुळं ते हसणं लहान मुलासारखं दिसलं.

“लोकांनी त्याला विचारलं, काय लावतोस? तो म्हणाला, तेल. खोटं न्हाई बोलला. लावतोच की.” त्यांनी तळहाताला राहिलेलं तेल स्वतःच्या दंडाला पुसलं. “पर तू न्हाव्याचं पोर ना? तुला मी विचारतो. केस कशानं वाढतात?”

“खाण्यापिण्यानं... रक्तानं...”

“आन्?”

“मुळं बळकट असली की...”

“तू कारखान्याचं बोलतोस. दुकानातलं बोल. माणसाचे केस कमरेच्या खाली कशानं जातात?”

भानुदासचा हात आपल्या टाळूवर गेला.

पिरावरची हिरवी चादर वाऱ्यानं जराशी हलली.

“कापले न्हाईत की...” तो म्हणाला.

“हां.”

उस्ताद खुर्चीच्या पाठीला रेलले.

“कधीपासून कापले न्हाईत, ते न्हाई विचारत?”

भानुदासनं विचारलं नाही. त्याला उन्हाची ती तिरीप दिसत होती, अर्ध्या उघड्या दारातून आत आलेली.

तो शेवटचा सोमवार. त्या दिवशी आधी भानूचा नंबर होता. गहिनीनं त्याचे केस कापले, मानेवरचे तुकडे फुंकून उडवले, डोकं चोळलं. मग गहिनी खुर्चीत बसला. भानूनं त्याच्या केसांवर पाणी मारलं, गळ्याला कापड बांधलं, बोट घालून पाहिलं. त्याची पिशवी दुकानाच्या मागं सरपणाआड ठेवलेली होती. पुण्याची एस्टी सुटायला आली होती. सांगितलं असतं तर गहिनी रडला असता, उस्तादांनी थांबवलं असतं. भानूनं कात्री फळीवर ठेवली.

“आलोच,” तो म्हणाला होता.

आणि एस्टीत बसला होता. वाटेत त्यानं मनाची समजूतही घातली होती की परंड्यात न्हाव्यांना काय तोटा आहे, कापून घेईल कुणाकडूनही.

“पर... दुसऱ्या कुणी...?” त्यानं मान वळवून मागं पाहिलं. “तुम्ही होता की, उस्ताद.”

“म्हणलं मी त्याला. सांज झाली, तरी कापड बांधून तसाच बसलेला. म्हणलं, ऊठ, मी कापतो.”

“मग?”

“म्हणाला, नको. भानू आलोच म्हणून गेलाय.”

...

“मला वाटलं, चार दिवस घुश्शात राहील,” उस्ताद म्हणाले. “चार दिवस झाले, वरीस झालं. केस मानेवर आले, पाठीवर आले. लोक हसले, मग इचारायला लागले. तेल त्याच्या मागनं आलं.”

भानुदासच्या मांडीवरचा टोप खाली मातीत पडला होता. त्यानं तो उचलला नाही.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. कापडातून हात काढून त्यानं तो कानाला लावला. पुण्याचा माणूस होता. आवाज एवढा मोठा की उस्तादांनाही ऐकू आला.

“सर, सगळं तयार आहे. टाकू का?”

भानुदास मातीतल्या टोपाकडं बघत राहिला.

“सर? ऐकू येतंय ना? व्हिडिओ टाकू का?”

“आज वार कोणता?” भानुदासनं विचारलं.

“सोमवार, सर.”

“मग दुकान बंद असतं.”

“कुठलं दुकान, सर? आपली तर...”

“पुसून टाक तो. कुठं ठेवू नको. आणि त्या बाईंची माफी माग, माझ्या वतीनं.”

फोन ठेवला तेव्हा त्याचा हात तेलानं आणि घामानं ओला होता. पोटात अजून दुखत होतं. एवढ्यानं जाणारं ते दुखणं नव्हतं. गहिनीचे केस आठवले की अजूनही काहीतरी आत चावत होतं. पण ते काय होतं, हे आता त्याला हेवा म्हणून सांगता आलं नसतं.

“उस्ताद,” तो म्हणाला, “मी आता कोणत्या तोंडानं त्याच्यासमोर...”

किल्ल्याच्या बाजूनं मोपेडचा आवाज आला. चढावर तो दमला, सपाटीला पुन्हा धरला. उस्तादांनी कान टवकारले आणि त्यांच्या तोंडावर ते मघाचं हसू आलं. एवढंसंच.

भानुदासनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. माणूस अजून लांब होता, चेहरा दिसत नव्हता. वाऱ्यावर मागं उडणारे लांबलचक केस तेवढे दिसत होते. लेबलवर ते काळे होते. उन्हात दिसलं, आता निम्म्याहून अधिक पांढरे झाले होते.

तो खुर्चीतून उठला. टोपासाठी वाकला, पण अर्ध्यातच थांबला. उघडं, तेलानं चमकणारं डोकं घेऊन तो तसाच उभा राहिला. पळून जावं असं त्याला वाटलं. गाडी पेठेत चहाला गेली होती.

उस्तादांनी त्याच्या गळ्याचं कापड सोडलं, झटकलं आणि त्याच्याच खांद्यावर टाकलं.

“खुर्ची पूस, भानू. त्याचा नंबर राहिलाय.”